सातवं पोर्ट

एलिएसेर वेन्चूरनं लॅपटॉप आणला तो बटाट्याच्या पोत्यात गुंडाळून,
वर लोकरीची टोपी. त्याच्या डोक्यावर नव्हे, लॅपटॉपवर.
नातवानं पुन्ता आरेनासहून धाडलेला,
सोबत शिंपल्याएवढं काळं यंत्र, उंदराच्या शेपटीसारखी वायर.
"हे म्हणे आभाळाशी बोलतं," तो म्हणाला,
"माझ्याशी मात्र अबोला."

माझं दुकान बॅटऱ्यांचं.
विकते खिळे, दोर, फ्यूज; फुकट देते ती असली मदत.
चिलोएच्या या धक्क्यावर ओहोटीला
होड्या चिखलात कुशीवर निजतात,
म्हणून गिऱ्हाइकं येतात ती ओहोटीलाच
आणि घाई कुणालाच नसते.

आधी खिडकीत ठेव त्याला, मी म्हटलं,
पत्र्याखाली बसून आभाळ कुणाला दिसलंय?
दिवा लाल राहिला बराच वेळ. मग मिणमिणला.
चार उपग्रह लागतात, मी म्हटलं.
"चारच? म्हणजे खांद्याला लागतात तेवढे."

मग दाराचा घोळ.
यंत्र येऊन उभं सातव्या पोर्टवर,
नकाशाचं सॉफ्टवेअर वाट बघतंय तिसऱ्यावर.
पाहुणा मागच्या दारी,
आणि आपण पुढच्या दारी ताट वाढून बसलेले.
तिनाचे सात केले. वेग चार हजार आठशे.
"माझी होडी सहाच्या वर जात नाही, बाई."
हा बोलण्याचा वेग आहे.
"असं होय. मग हे माझ्या मेहुण्याचं यंत्र."

आणि ओळी पडू लागल्या पडद्यावर,
स्वल्पविरामांनी ठिगळं लावलेल्या,
प्रत्येकीच्या कपाळावर डॉलरची खूण.
"हे पैसे कोण मागतंय?"
कुणी नाही. वाक्यं आहेत ती.
दर सेकंदाला तेच ते सांगतात:
इथं आहेस. इथं आहेस. अजून इथंच आहेस.
त्यानं चष्मा काढून पुसला, परत घातला,
आणि पाच-सात मिनिटं नुसता वाचत बसला.

संध्याकाळी पाणी चढल्यावर होडीवर गेलो.
होडी ‘पोर्फियादा’, म्हणजे हेकेखोर बाई;
इंजिनानं नाव सार्थ केलं, तिसऱ्या झटक्याला सुरू झालं.
खाडीच्या मधोमध, बुडाखाली दोन वाव पाणी
आणि पडद्यावर आमची लाल होडी
जमिनीवर.
पिवळ्या रंगात, किनाऱ्यापासून चांगली आत.

मी सगळं पुन्हा तपासलं. पोर्ट. वेग. अक्षांशापुढचं दक्षिण.
मग सांगू लागले, की नकाशा जुन्या मोजणीचा,
त्याची पृथ्वी आणि उपग्रहांची पृथ्वी सख्ख्या नव्हेत,
दोघींत दोनेकशे मीटरचं अंतर राहतं,
तो आकडा भरला की

"थांब गं," तो म्हणाला.
इंजिन बंद केलं.
"हा माझ्या आईचा बटाट्याचा वाफा.
साठ सालच्या भूकंपात जमीन बसली,
मागून समुद्र आला, आला तो राहिलाच.
मी नऊ वर्षांचा. फाटक इथं होतं.
इथं."
वल्ह्याच्या टोकानं पाण्यात दाखवलं त्यानं,
आणि तिथं एक समुद्रपक्षी होता, तो जरा बाजूला सरकला.

मी आकडा भरला. भरायलाच हवा;
चुकल्या नकाशात खडकसुद्धा चुकतात
आणि होडीला लागतात ते खरेच असतात.
लाल होडी टुणकन पाण्यात आली.
"असेल तुझी पृथ्वी बरोबर," तो म्हणाला,
आणि परतताना फाटक टाळून वळसा घातला.

परवा ओल्गा मियालोन्को आली दुकानात,
शिंपल्यांच्या जाळीत तसलंच यंत्र घेऊन.
मी तारा मोजत होते, हात मोकळा नव्हता.
तर कोपऱ्यातल्या पिंपावरून हाच शिकवू लागला तिला:
आधी खिडकीत ठेव. मग दार कितवं ते बघ.
डॉलरला भिऊ नको, पैसे मागत नाहीत.
आणि होडी जमिनीवर दिसली
तर बाईला हाक मार, ती आकडा भरेल.
पण त्याआधी नीट बघून घे,
जमीन कुणाची होती.