कुणाची गं तू

आमच्या बेटावर नाव विचारत नाहीत.
कुणाची गं तू? एवढंच.
टोरमोडची, म्हटलं की पुरे.
टोरमोड मंडळीतले वडील, आणि माझेही.
शब्बाथला लागणारं पाणी
त्यांच्या घरी शनिवारीच भरून ठेवलेलं असतं.
त्या नावाच्या पांघरुणात
मी एकोणतीस वर्षं ऊब घेतली.

शनिवारी दुपारी बाबांनी मेजावरून बिल्ला सरकवला.
शिशाचा, चौकोनी, अंगठ्याच्या नखाएवढा,
कोरलेलं साल अर्धं झिजलेलं.
तो दाखवला की उद्या प्रभुभोजनाला बसता येतं.
आदल्या दिवशी बाराजणांनी उभं राहून सांगितलं होतं
खऱ्या विश्वासाची खूण कोणती ते.
मला कुणी काही विचारलं नाही.
टोरमोडच्या मुलीला काय विचारायचं?

मुठीत तो हेरिंगसारखा गार लागला.

यार्मथचा हंगाम. बोटांना चिंध्या बांधून
आम्ही तिघी एका पिंपाशी.
रोनेतच्या तळहातात सुरी गेली, मागोमाग मीठ गेलं,
हात कोपरापर्यंत फुगला,
तिला हंगाम संपायच्या आत घरी पाठवलं.
शेवटच्या दिवशी मुकादम म्हणाला,
हिचे दोन पौंड अकरा शिलिंग, तूच पोचव.
तू टोरमोडची ना?

मी देणार होते.
देवाला हे मी पुष्कळदा सांगितलंय, की मी देणार होते.
आधी बोट चुकली, मग ताप आला,
मग काळी टोपी घेतली,
तीही प्रभुभोजनाच्या रविवारसाठी.
रोनेतनं कधी मागितले नाहीत.
मुकादमानं बुडवले असंच वाटलं असेल तिला,
त्याच्या नावानं बोटं मोडत
ती कॅनडाच्या जहाजात चढली असेल.
म्हणजे त्याचंही देणं माझ्याच अंगावर.

रविवारी स्तोत्र सुरू झालं.
पुढचा एकटा ओळ सोडतो, मागून सगळे उचलतात,
पण बरोबरीनं नाही.
जो तो आपल्या वळणानं, आपल्या दमानं,
कुणी पोचलेलं, कुणी अजून चढणीवर.
बाहेरच्याला वाटतं, लाट आली.
आत बसलं की कळतं,
शेजारणीच्या श्वासावर आपल्याला गाता येत नाही.
मी लहानपणापासून बाबांच्या आवाजाला लोंबकळून गायले.
त्या दिवशी ते बिल्ले गोळा करत होते, गात नव्हते,
आणि मला पहिल्यांदा मी ऐकू आले.
पातळ. बेसूर.

लांबच लांब पांढरं कापड.
त्याच्या टोकाशी बाबांचा हात पुढे आला.
मी मूठ उघडली नाही.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
माझी दोन पौंड अकरा शिलिंगांची होती.

त्यांनी वर पाहिलं. राग नव्हता डोळ्यांत, भीती होती,
माझ्यासाठी की स्वतःसाठी, मला अजून ठाऊक नाही.
मग ते पुढच्या बाईकडे वळले.

रात्री भिंतीपलीकडे ते माझ्यासाठी प्रार्थना करत होते,
बराच वेळ, मोडक्या आवाजात.
ऐकता ऐकता झोप लागली असती
इतकं ते ओळखीचं होतं.
मी उठून बसले.
मध्यस्थ एकच आहे,
आणि तो टोरमोड नव्हे.

टोपी कुणी विकत घेईना. मेंढी विकली.
तीन वर्षांचं व्याज किती होतं कळेना,
म्हणून तीन पौंड पुरे केले,
आणि चार मैल चालत टपाल कचेरी गाठली.

टपालवाला नवा, मुख्य भूमीवरचा.
टाक दौतीत बुडवून म्हणाला,
पाठवणाऱ्याचं नाव?
टोरमोडची, म्हणाले मी, आणि थांबले.
तोही थांबला. टाकातून एक थेंब कागदावर पडला.
ओयरिक, म्हटलं. नुसतं ओयरिक लिहा.
आडनाव लागतं, तो म्हणाला.

ते सांगितलं.
सहा आठवडे धरा, म्हणाला,
बाई त्याच पत्त्यावर असेल तर.

बिल्ला मी परत केलेला नाही.
परकराच्या खिशात असतो,
चालताना मांडीला लागतो.