लाल पट्टा

जहाज आठला धक्क्याला लागतं, साडेचारला भोंगा.
मधल्या वेळात त्यांना समुद्र हवा असतो
आणि त्यात दुसरं कुणी नको असतं.

"गर्दी नसेल तिथे ने,"
म्हणत एकेक जण व्हॅनमध्ये चढतो,
एका व्हॅनमध्ये अकरा जण.
मी आरशात बघून मान हलवते.
आपली कधी गर्दी होत नाही,
गर्दी म्हणजे मागची व्हॅन.

सव्वीस वर्षं मी, व्हर्लिन, याच रस्त्यावर:
मासळीबाजार, जायफळाची वखार
(कुलूप लागून वर्षं झाली, वास अजून ड्युटीवर),
वादळाने छप्पर नेलेलं चर्च,
मग उतार, आणि उजव्या हाताला एकदम सगळं निळं.
इथे सगळे "आहा" म्हणतात.
मी इथे दुसरा गिअर टाकते.

किनारे माझ्याकडे तीन.
पहिला खुर्च्यांचा. पाण्यात तोंड घातलं
की कुणाच्या तरी फिन्स नाकावर बसतात.
दुसरा बरा. "हा कुणालाच ठाऊक नाही,"
मी आवाज बारीक करून सांगते,
तेवढ्यात सेल्विन त्याचे अकरा घेऊन येतो.
आम्ही एकमेकांना ओळख देत नाही.
सेल्विन माझा सख्खा भाऊ.

तिसऱ्याचं नाव तुम्हालाही सांगणार नाही.
तिथे एका बुंध्याला लाल पट्टा आहे,
आणि लाल पट्टा म्हणजे काय, ते आमच्या रांगत्या पोरालाही कळतं:
मँचिनील. फळ तोंडात घालू नका,
पावसात खाली थांबू नका,
चीक लागला तर कातडी सोलून निघते.

ते झाड मँचिनील नाही.
साधं समुद्रद्राक्ष, ताटलीएवढी गोल पानं.
पट्टा माझ्या बापाने ओढला, अल्बनने.
डबा मी धरला होता.
जहाजं तेव्हा नुकती मोठी होऊ लागली होती.
"एवढं एक राहू दे," म्हणाला, ब्रश गवताला पुसत.
कुणासाठी, ते नाही म्हणाला.

मग या मोसमात, पहिल्याच जहाजाने, ती आली. एकटीच.
रागन्हिल्ड, सत्तरीची, पिशवीत स्वतःचा मास्क,
रबर कडक झालेलं, पट्ट्याला सुतळी.
गर्दीचं नावच काढलं नाही.
"तुझी माणसं पोहतात तिथे ने."

आता काय सांगू.
माझी माणसं पोहत नाहीत.
बापाचा जन्म बोटीत गेला,
एकदाच गळ्यापर्यंत भिजला, ते शेवटचं.
व्हॅन आपणहून तिसऱ्याकडे वळली.

तासभर ती पालथी तरंगत राहिली,
नळीतून फुस्स, फुस्स.
मग उभी राहिली, मास्कात थुंकली,
बोटाने चोळलं, विसळलं, पुढे केला.
"घे."

स्कर्ट खोचून, कंबरभर पाण्यात,
दुसरीच्या थुंकीने पुसलेल्या काचेतून
बापाने राखलेली इस्टेट मी पहिल्यांदा बघितली.
प्रवाळाचा भलामोठा मेंदू. तडा गेलेला,
बराचसा पांढरा, चुन्यासारखा.
एक पोपटमासा तो कुरतडत होता
आणि मला ऐकू येत होतं, कुरुम कुरुम,
वरच्या मजल्यावर कुणी चणे खावेत तसं.
"किती उरलंय," ती म्हणाली.
की "किती उरलंय?"
सुरावरून कळेना.

मग सर आली, आमच्याकडे येते तशी, न विचारता.
ती झाडाकडे धावली, पट्टा बघून थबकली.
माहिती वाचून आली होती.
मी सांगू शकले असते.
शब्द ओठांपर्यंत आला, तिथेच बसला.
दोघी उघड्यावर भिजत राहिलो
कोरड्या, बिनविषारी सावलीपासून चार पावलांवर,
आणि उरलीसुरली पिकली द्राक्षं
वाळूत टपटपत होती.
गावातली पोरं ती वेचत नाहीत आता.

पट्टा फिका पडलाय.
पुढचं जहाज मंगळवारी.
डबा मागच्या सीटखाली आहे.
रंग वाळून गेलाय का,
अजून झाकण काढून पाहिलेलं नाही.