क्लचचं रबर

कुडचड्याच्या पुलाअलीकडे बावतीसचं दुकान.
सीट कव्हरं, हॉर्न, आरशाला टांगायचे
क्रूस आणि गणपती एकाच खिळ्याला.
म्हटलं, पेडलं बसवायची आहेत, धातूची.
त्यानं आधी माझ्या केसांकडे पाहिलं, मग गाडीकडे.
"पुताक?"
"ना. म्हाका."

अकरा वर्षं टिपर चालवला,
खाणीवरून जेटीवर, जेटीवरून खाणीवर,
दिवसाला सहा खेपा, रांग कमी असली तर सात.
सीटवर गोणपाट. काच वर होत नसे.
डावा गुडघा तेव्हाच गेला,
आता फक्त चतुर्थीला जिना चढताना आठवण करून देतो.
मग खाण बंद पडली
आणि काट्यावरच्या कारकुनानं, दामू नायकानं,
स्वतःची छोटी गाडी मला विकली,
डिकीत छत्री विसरून.

पणजीला एकदा भाडं घेऊन गेलो होतो.
कॅसिनोसमोर एका पोरानं गाडीचं दार उघडं टाकलेलं,
आत, पायांच्या अंधारात,
तीन पेडलं चमकत होती
जेवून घासून उपड्या घातलेल्या वाट्यांसारखी.
त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.
अठराशे रुपये. बसवायचे वेगळे.
प्रेमावती म्हणाली, "पायाखालची वस्तू, कोण बघणार?"
मी म्हटलं, "म्हणूनच."
म्हणूनच काय, ते मलाही सांगता आलं नसतं.

बावतीस डॅशबोर्डखाली उताणा शिरला.
बाहेर दोन पाय, एकाच पायात चप्पल.
तोंडात टॉर्च, त्यामुळे बोलणं सगळं स्वरांचं.
ब्रेकचं रबर निघालं. ॲक्सिलरेटरचं नुसतं ओढल्यावर आलं.
क्लचचं निघेना.
स्क्रूड्रायव्हर घालून त्यानं ते उचकटलं
तेव्हा खाचांतून खाली, जुन्या वर्तमानपत्रावर,
लाल माती पडली.
चिमूटभरच.

दामू नायक आयुष्यात कधी टिपरमध्ये बसला नाही.
केबिनमध्ये पंख्याखाली बसून
आमची वजनं लिहायचा, इस्त्रीच्या शर्टात.
तरी त्याच्या टाचेबरोबर ती घरी जात होती
रोज संध्याकाळी,
आणि रोज सकाळी परत येत होती.
रबर डाव्या अंगाला तिरकं झिजलं होतं.
बिचारा पाय वाकडा ठेवायचा.
सात वर्षं मी त्याच्या पायाच्या खाचेत
माझा पाय ठेवत होतो.

खोक्यावर चिनी अक्षरं होती.
मला एकदम वाटलं:
आमचा डोंगर बार्जमधून मुरगावला गेला,
तिथून मोठ्या बोटीनं तिकडे,
भट्टीत वितळला, ठोकला, घासला,
आणि आता भोकं पाडून, पॉलिश करून
अठराशे रुपयांना परत आलाय, माझ्या पायाखाली.
अंगावर काटा आला. खरंच.
बावतीसच्या स्क्रूंच्या वाटीतलं चुंबक उचलून
मी पेडलला लावलं.
ते पडलं.
पुन्हा लावलं. पुन्हा पडलं.

"ॲल्युमिनम," बावतीस टॉर्च काढून म्हणाला.
मग माझ्याकडे पाहत राहिला थोडा वेळ.
त्याचा बाप बार्जवर होता, हे मला माहीत होतं.
"दोंगर परतून येना, पात्रांव."
आणि वर्तमानपत्राची घडी घालून
त्यानं ती कचऱ्याच्या डब्यात टाकली.

घरी येताना चर्चजवळच्या गतिरोधकावर
पाय एकदा सटकला. शिवी आली तोंडात.
पातळ चपलेतून धातूचा गारवा लागत होता,
नव्या भाडेकरूसारखा, अजून ओळख नसलेला.
क्लचचं रबर खिशात होतं.
प्रेमावतीनं ते दोन दिवसांत शोधून काढलं
आणि डगमगणाऱ्या वॉशिंग मशीनच्या पायाखाली घातलं.
बरोब्बर बसलं, तिरक्या बाजूसकट.

रात्री कुत्रं भुंकलं म्हणून बाहेर आलो.
गाडीचं दार उघडलं. आतला दिवा लागला.
तिघं खाली गप्प चमकत होती.
कोण बघणार, म्हणाली होती ना.
मी बराच वेळ बघितलं,
मग बॅटरी उतरेल म्हणून
दार लावून घेतलं.