मंगळवारी वाइंडिंग बंद

अडतीस, एकोणचाळीस, चाळीस.
वेढे मोजताना मी बोलत नाही.
गावाला हे ठाऊक आहे, तरी दारातूनच विचारतात,
"धनपालभाऊ, झाली का मोटर?"
मी नुसती मान हलवतो, ओठ चालूच,
एकेचाळीस, बेचाळीस,
आणि तांब्याची तार खाचेत जाऊन बसते
वेणीत पेड बसावा तशी.

दारव्हा रोडला, बसथांब्याच्या मागे
आठ बाय दहाचं टिनाचं दुकान.
मालक मी. पोऱ्या मी.
उधारीची वही लिहिणारा मी
आणि ती मागायला लाजणाराही मीच.
वर साहेब नाही कोणी,
मग रजेचा अर्ज द्यायचा कुणाकडे?

हरभऱ्याच्या दिवसांत लाइन रात्री बाराला येते,
म्हणून मोटरी रात्रीच जळतात.
"भाऊ, धूर निघून रायला!"
मी उशाजवळचा पाना घेतो, कानटोपी घालतो,
धुऱ्यावरून टॉर्च धरून चालत राहतो.
रत्ना आतून म्हणते,
"पाठ दुखते म्हणता. टेकवता कवा तिले?"

पौषात सलग अकरा रात्री अशा गेल्या.
बाराव्या दिवशी शालिकराव उईकेची पाच एचपीची मोटर भरत होतो,
साठाव्या वेढ्याला फोन वाजला.
उचलला. बोललो. ठेवला.
साठ होते, की पन्नास?
मी अंदाजानं पुढे गेलो.
बावीस वर्षांत पहिल्यांदा, अंदाजानं.

तिसऱ्या दिवशी मोटर परत.
शालिकराव भांडला नाही.
त्यानं जळक्या तारेला नाक लावलं, म्हणाला,
"पाण्याबिगर चालली असन."
विहिरीत तर पुरुषभर पाणी होतं.
पाण्याबिगर कोण चालत होतं
ते तोही बोलला नाही, मीही नाही.
तार माझ्या पैशानं भरली.

येईल त्याला मी सांगत असतो,
स्टार्टरच्या रिलेत काडी खुपसून ठेवू नका रे,
ट्रिप होते ती बिघडली म्हणून नाही,
वाचते म्हणून.
आणि स्वतःच्या रिलेत मी
रोजचे नऊ चहा खुपसून बसलेलो.

वार्निशच्या डब्याचं झाकण उलटं केलं, त्यावर लिहिलं:
मंगळवारी बंद. रात्री नवानंतर फोन उचलणार नाही.
दोन दिवस लोक थांबून वाचत होते.
"सरकारी झाला का बे, धनपाल?"

पहिला मंगळवार काही जमला नाही.
नखं कापली. वार्निश निघालं नाही.
रत्नानं पाठीला तेल लावलं,
तर माझी बोटं गोधडीच्या धाग्याचे वेढे घेत होती.
दुपारी झोपलो आणि दचकून उठलो,
कोणी हाक मारली?
टिनावर माकडं होती.
संध्याकाळी धुऱ्यावर बसून हरभऱ्याचे घाटे सोलून खाल्ले.
लांब कुणाची तरी मोटर चालू होती,
बेअरिंग कोरडं पडलेलं, आवाजावरून कळलं.
सांगायला उठलो,
आणि अर्धा घाटा हातात घेऊन परत बसलो.

तिसऱ्या मंगळवारी दुकान उघडलं, हे सांगायलाच हवं.
पाण्याच्या टाकीची मोटर गेली होती,
सुमनबाई मडावी रिकामी गुंडी घेऊन दारात उभी.
गाव तहानलेलं असताना पाटी काय वाचून दाखवायची?
पण बुधवार बंद ठेवला.
बाजाराचा दिवस. हजार तरी गेले असतील.
मोजले नाहीत.

आता रात्री फोन जवारीच्या कोठीत असतो.
दाण्यांत बुडून वाजला
तर रातकिड्यासारखा वाटतो.
मी पाठीवर पडून श्वास मोजतो.
बावीस वर्षांची सवय, मोजल्याशिवाय राहवत नाही.
चौदा, पंधरा,
सतरा,
की सोळा