चहातला नव्हे, चुकीतला च

बातुमीत मार्चमध्ये समुद्र पाटीसारखा असतो,
कुणीतरी ओल्या बोळ्याने पुसून ठेवलेल्या.
मनोऱ्याच्या खिडकीशी रांग नाही.
मी तोंडी परीक्षेत नापास होऊन आलो होतो,
कवटीतल्या छिद्रांची नावं
बाईंसमोर एकेक करून बुजत गेली होती.
खोलीवर जायचं म्हणजे घरमालकीण,
आणि तिचं अक्रोड फोडत केलेलं सांत्वन.
म्हणून लिफ्ट.

लिफ्टमध्ये आणखी दोघं.
तो : मोठे पंजे, कोटाला शेळ्यांचा वास.
ती : डोक्याला रुमाल, उजव्या डोळ्यावर पट्टी,
हातात औषधांची पिशवी,
जी खाली ठेवायला तिने साफ नकार दिला.
खुलोची बस चारला. मधे अडीच तास.
"अकरा वर्षं म्हणतोय, दाखवतो, दाखवतो,"
ती मला म्हणाली, जणू मी न्यायाधीश.

हा मनोरा म्हणजे त्यांच्या भाषेची तेहतीस अक्षरं,
पोलादी वेलीवर चढवलेली.
त्यातलं एक त्याने बसवलं होतं,
दोराला लटकून, वारा सुटलेला असताना,
चार बोल्ट, स्वतःच्या हाताने.
"कोणतं?"
"त्सान," तो म्हणाला. "हिचं. त्सियालाचं."
"जे हातात आलं ते बसवलं," ती म्हणाली,
"आणि आता म्हणे माझं."

त्स.
परक्या स्टेशनावर गाववाला भेटावा तसं झालं.
हा तर आमचा च!
चहातला नव्हे, चुकीतला,
चटक्यातला, चांदण्यातला.
कागदावर दोघे एकाच तोंडवळ्याचे,
फरक काय तो जिभेला ठाऊक.
मी म्हणून दाखवलं : त्सियाला.
तिने उरलेल्या डोळ्याने मला नीट पाहिलं.
"याला येतंय," ती नवऱ्याला म्हणाली.
सकाळपासून मला काहीतरी आलं होतं.

लिफ्ट निघाली.
अक्षरं काचेपलीकडून खाली जाऊ लागली
आणि आतून सगळी उलटी,
दुकानात बसून दुकानाची पाटी वाचावी तशी.
तो बोट नाचवत राहिला : हे नाही, हेही नाही,
ते...
"कुठे?"
"गेलं."
"मला दिसलं नाही."
"एका डोळ्याने कसं दिसणार?"
"मग दोन होते तेव्हा का नाही आणलंस, ममिया?"

मला वाटलं, हीही तोंडीच परीक्षा,
आणि इथेही नापास कोण ते ठरलेलं.

वर सगळं होतं.
बंदर, तेलाच्या टाक्या, अर्धवट हॉटेलांची हाडं,
तुर्कस्तानाकडे वळत गेलेला किनारा,
डोंगरावर बर्फ, आणि खुलो असेल तिथे ढग.
अक्षरं तेवढी नव्हती.
आपण त्यांच्या डोक्यावर उभे.
त्याने कठड्याचा एक बोल्ट अंगठ्याने दाबून पाहिला,
"हा माझा नाही," म्हणाला, "ढिला आहे."
तिने समुद्राकडे पाहिलंच नाही,
बसथांबा शोधला, सापडला, निश्चिंत झाली,
आणि माझ्या ओंजळीत न विचारता हेझलनट ओतले.

खाली गोट्यांच्या किनाऱ्यावर मी त्यांना पुन्हा पाहिलं.
त्याने त्या पंजांनी तिची हनुवटी वर धरली होती,
अंमळ डावीकडे, अजून थोडी,
जणू तिलाच कुठे तरी बसवायचं आहे.
"तो पक्षी दिसतोय? त्याच्याखालचं."
बराच वेळ ती काही बोलली नाही.
मग : "वाकडं आहे."
"अक्षरच वाकडं असतं ते."
"अक्षर मला माहीत आहे. तू बसवलंयस वाकडं."
तो हसला नाही. बघत राहिला,
अकरा वर्षांत पहिल्यांदाच शंका आल्यासारखा.

चारला वीस कमी होते.
मी हाक मारणार होतो, बसची आठवण द्यायला,
तेवढ्यात तिने
औषधांची पिशवी गोट्यांवर ठेवली,
आणि ऊन नव्हतं तरी
दोन्ही हातांची सावली कपाळावर धरली.