आठवी काडी

दिंडोरी रोडच्या मार्केटात
मेथी-कोथिंबिरीचा लिलाव पुकारायचो मी,
वीस वर्षं. आता सहा आठवडे
पाटीवर लिहितोय : मीठ कमी आहे.

जबड्यात दोन पट्ट्या, सहा स्क्रू.
पहिले दिवस बर्फाचे, रुमालात गुंडाळलेले,
मग शेकाचे.
कुमुद गरम पाण्यातून नॅपकिन पिळते,
कानाखाली धरते, म्हणते,
"दात नका आवळू. झोपेतही लिलाव चालूय का?"

चालूच असतो. रात्री जबडा आपोआप मिटतो,
कानशिलापर्यंत दोरी ताणली जाते,
आणि जांभई आली की
हनुवटीखाली मूठ धरून
तिला दारातूनच परत पाठवावं लागतं.

गंगापूर रोडच्या शिरीन मॅडमनी
आइस्क्रीमच्या काड्या दिल्यात.
एकावर एक रचायच्या, दातांत धरायच्या,
शंभर मोजायचे.
सोमवारी चार. मंगळवारी चारच.
बुधवारी पाच, आणि डोळ्यांतून पाणी.
गुरुवारी परत चार.
भाव असेच उतरतात,
मला तरी कळायला हवं होतं.

रविवारी खालून मिसळीचा वास येतो.
मी मुगाचं पाणी, चमच्याने.

आज संध्याकाळी आठवी काडी
जरा घासत, पण आत गेली.
गॅलरीत आलो. नाशिकची थंडी,
गालाआधी पट्टी गारठते.
दोन बोटं जबड्यावर ठेवून
हळूच म्हणालो :
हजार... अकराशे...

स्वयंपाकघरातून कुमुद ओरडली,
"बाराशे! आणि तोंड मिटा आता."