पंप खेचून नाही राहिला

मे महिन्यातला तिसरा शनिवार, मानेवाड्यात दुपारचे दोन.
कूलरचा पंखा फिरतो, खस कोरडीच.
आणि माझ्या मांडीवरचं दुसरं यंत्र
घुर्र घुर्र करतं, खेचत मात्र नाही.
बाटलीच्या तळाशी तीन थेंब,
तेही एकमेकांना न ओळखणारे.

सोमवारी रजा संपते.
फ्रीजरमध्ये पाच पिशव्या. रेवू साडेचार महिन्यांची.
भूपेश कोराडीहून रात्रपाळी करून आडवा झालेला,
रात्रभर वीज बनवून आलेल्या माणसाला
विजेवरची ही घरघर ऐकूच येत नाही.

गोळीबार चौकातल्या हेडाऊंना फोन लावला.
कूलरसाठीच लावला होता, शप्पथ.
"भाऊ, पंप खेचत नाहीये."
"काऊन? आवाज येऊन राहिला का?"
मी मांडीकडे पाहिलं. येत होता.
त्या क्षणी कूलर डोक्यातून निघूनच गेला.

"आवाज येऊन राहिला म्हंजे मोटर बरी हाये.
कुठून तरी हवा घेऊन राहिला. जोड पाहा."
नरसाळ्याची कड एका बाजूने
घामावर सटकलेली. नीट टेकवली.
सहा थेंब.
"नळी पाहा. आत पानी साचलं असंल."
नळीत वाफेचे मणी, ओवल्यासारखे.
"खोला. रिकामाच चालवा दोन मिनटं, वाळते ते."
चालवला.
रिकाम्या यंत्राचा आवाजही
भरल्या यंत्रासारखाच असतो.

"आता?"
"थोडं."
"पावर नका वाढवू बरं. लोकं पयले बटनच फिरवते.
त्यानं काई येत नाही, नुसती मोटर जळते."
आठवरचं बटण मी चारवर आणलं.
इतके दिवस दात आवळून बसत होते,
वाटायचं, दुखतंय म्हणजे येईलच.

"वायसर कधी बदलला?"

वायसर.
पांढरा, बदकाच्या चोचीसारखा, अंगठ्याएवढा.
रोज उकळलेला, रोज ब्रशने खरवडलेला,
आईने लावलेल्या शिस्तीने.
खिडकीच्या उजेडात धरला.
चोचीच्या कोपऱ्यात केसाएवढी चीर.
आणि मी आठवडाभर काय काय गिळलं होतं:
शतावरी, हाळिवाचे लाडू, कोमट जिऱ्याचं पाणी,
सासूबाईंचं "आमाले तर पुरून उरे."

खोक्याच्या तळाशी एक सुटा निघाला, पाकीटही न फोडलेला.
बसवला.
आवाज बदलला.
घुर्र नाही.
घोट. थांबून, पुन्हा घोट.
बारीक, पण धार.

मी काही बोलले नाही. पलीकडून हेडाऊही नाही.
तेवढ्यात रेवू उठली आणि तिने टाहो फोडला,
दूध दुसरीकडे जातंय हे तिला
भिंतीपलीकडूनही कळतं.

"ताई," ते जरा थांबून म्हणाले,
"हा कूलरचा पंप नोहे ना?"
लाजायला हवं होतं.
पंचेचाळीस डिग्रीत लाज टिकत नाही, वाळते.
"नाही."
"लेकरू केवढं?"
"साडेचार महिन्यांचं."
"माही सून नर्स हाये. ते म्हन्ते,
त्याचं मापही राह्यते, सगळ्यायले एकच नाही चालत.
इचारून सांगू का?"
"सांगा."

नव्वद मिली.
पिशवीवर तारीख घातली, वेळ घातली,
पेन घामाने दोनदा निसटलं.

संध्याकाळी मेसेज आला:
"नरसाळं काढून पट्टीनं मोजा म्हन्ते.
मोठं घेतलं तं खेचत नाही, लहान घेतलं तं घासते.
कूलरले उद्या येतो."
उद्या येतो म्हणजे काय, ते आम्हा नागपूरकरांना
कोणी समजावून सांगावं लागत नाही.

भूपेशच्या जुन्या कंपासपेटीत पट्टी सापडली,
पंधरा सेंटीमीटरची, एक टोक दाताने चावलेलं,
मागे निळ्या शाईत त्याचं नाव,
आठवी ब.